चिंतामण द्वारकानाथ देशमुख

चिंतामण द्वारकानाथ देशमुख (जन्म : १४ जानेवारी १८९६; निधन : २ ऑक्टोबर १९८२) हे भारतीय सनदी सेवेतील अधिकारी, रिझर्व्ह बँक ऑफ इंडियाचे पहिले भारतीय गव्हर्नर, स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री, शिक्षणतज्ज्ञ आणि संस्कृतचे व्यासंगी होते. ते सी. डी. देशमुख किंवा चिंतामणराव देशमुख या नावांनी ओळखले जातात. रिझर्व्ह बँकेच्या चलनी नोटेवर स्वाक्षरी असणारे ते पहिले भारतीय होत. ब्रिटिश राजाचे मुखचित्र असलेल्या नोटांपासून अशोकस्तंभाच्या नोटांपर्यंतचे स्थित्यंतर, १९४६ सालचे निश्चलनीकरण, फाळणीनंतरची चलनाची विभागणी आणि दशमान नाण्यांचा कायदा या भारतीय चलनाच्या इतिहासातील चार मोठ्या घटना त्यांच्या कारकिर्दीशी निगडित आहेत.

जन्म आणि शिक्षण

देशमुखांचा जन्म तत्कालीन कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यात, महाडजवळच्या नाते या गावी झाला. त्यांचे घराणे मूळचे रोह्याचे. वडील द्वारकानाथ गणेश देशमुख हे वकील होते. आईचे नाव भागीरथीबाई. १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृत विषयासाठीची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात काही काळ शिकल्यानंतर १९१५ साली ते इंग्लंडला गेले. केंब्रिज विद्यापीठाच्या जीझस कॉलेजमधून १९१७ साली त्यांनी निसर्गविज्ञानातील पदवी संपादन केली. वनस्पतिशास्त्रातील प्रावीण्याबद्दल त्यांना फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९१८ साली, लंडन येथे झालेल्या भारतीय सनदी सेवेच्या (आय.सी.एस.) परीक्षेत त्यांनी पहिला क्रमांक पटकावला.

१९२० साली त्यांचा विवाह रोझिना सिल्कॉक्स या इंग्रज युवतीशी झाला. या दांपत्याला प्रिमरोज नावाची कन्या झाली. १९४९ साली रोझिना यांचे निधन झाले. १९५३ साली देशमुखांनी स्वातंत्र्यसैनिक, संविधान सभेच्या सदस्या आणि समाजकार्यकर्त्या दुर्गाबाई यांच्याशी विवाह केला.

सनदी सेवा

देशमुखांची नेमणूक मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांतात झाली. तेथे त्यांनी उपायुक्त, जमाबंदी अधिकारी आणि पुढे प्रांतिक सरकारचे वित्त सचिव म्हणून काम केले. जमीन महसुलाच्या कामामुळे शेतकऱ्याच्या हाती येणारा पैसा आणि सरकारी तिजोरीत जमा होणारा पैसा या दोहोंचा प्रत्यक्ष परिचय त्यांना झाला. १९३१ साली लंडन येथे भरलेल्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयातही त्यांनी काम पाहिले.

रिझर्व्ह बँकेची पार्श्वभूमी

भारतात कागदी चलन छापण्याचा एकाधिकार १८६१ च्या कागदी चलन कायद्याने सरकारकडे आला. त्याआधी बंगाल, मुंबई आणि मद्रास या इलाख्यांच्या बँका स्वतःच्या नोटा काढीत असत. १८६१ नंतरच्या सरकारी नोटा दीर्घकाळ इंग्लंडमधून छापून येत. १९२८ सालापासून नाशिक येथील चलनी नोटांच्या मुद्रणालयात नोटांची छपाई सुरू झाली आणि काही वर्षांतच भारताच्या सर्व नोटा तेथे छापल्या जाऊ लागल्या.

१ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँकेची स्थापना होऊन नोटा काढण्याचा अधिकार तिच्याकडे आला. बँकेची स्वतःची पहिली नोट जानेवारी १९३८ मध्ये निघाली. ती पाच रुपयांची होती व तिच्यावर सहाव्या जॉर्ज राजाचे मुखचित्र होते. त्याच वर्षी १०, १००, १,००० आणि १०,००० रुपयांच्या नोटाही निघाल्या. बँकेचे पहिले गव्हर्नर सर ऑस्बर्न स्मिथ यांची स्वाक्षरी एकाही नोटेवर आली नाही. पहिली स्वाक्षरी दुसरे गव्हर्नर सर जेम्स टेलर यांची होती.

नोटेवरील स्वाक्षरी ही केवळ शोभेची बाब नसते. रिझर्व्ह बँकेच्या नोटेवर तिचे मूल्य धारकाला अदा करण्याचे वचन छापलेले असते आणि त्या वचनाखाली गव्हर्नरची सही असते. एक रुपयाची नोट मात्र याला अपवाद आहे. ती भारत सरकारची नोट असून तिच्यावर वित्त सचिवाची स्वाक्षरी असते. गव्हर्नरच्या वचनामागे कायद्याने ठरवलेली तारण मालमत्ता असे. १९३४ च्या मूळ कायद्यानुसार चलनात असलेल्या नोटांच्या मूल्याच्या किमान दोन पंचमांश भाग सोने आणि स्टर्लिंग रोखे या स्वरूपात ठेवणे बँकेवर बंधनकारक होते.

गव्हर्नरपद आणि युद्धकाळातील नोटा

जुलै १९३९ मध्ये देशमुख सरकार व रिझर्व्ह बँक यांच्यातील संपर्क अधिकारी म्हणून बँकेत आले. त्यानंतर ते बँकेच्या मध्यवर्ती मंडळाचे सचिव झाले व डिसेंबर १९४१ मध्ये डेप्युटी गव्हर्नर झाले. फेब्रुवारी १९४३ मध्ये टेलर यांचे निधन झाले. ११ ऑगस्ट १९४३ रोजी देशमुखांनी गव्हर्नरपदाची सूत्रे स्वीकारली. बँकेचे ते तिसरे आणि पहिले भारतीय गव्हर्नर होते. १९४४ साली त्यांना ब्रिटिश सरकारने 'सर' ही पदवी दिली.

त्यांनी पद स्वीकारले तेव्हा दुसरे महायुद्ध ऐन भरात होते आणि बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला होता. ब्रिटिश सरकार भारतात युद्धसाहित्य, धान्य व कापड खरेदी करी. त्याची किंमत लंडनमध्ये पौंडांत जमा होई आणि त्या पौंडांच्या रोख्यांच्या तारणावर रिझर्व्ह बँक भारतात रुपयांच्या नोटा काढी. कायद्याच्या दृष्टीने हे तारण पुरेसे होते. प्रत्यक्षात बाजारात वस्तू कमी आणि नोटा जास्त अशी स्थिती निर्माण झाली. युद्धाच्या आरंभी देशात सुमारे १८० कोटी रुपयांच्या नोटा चलनात होत्या. युद्ध संपताना हा आकडा १,१०० कोटींच्या घरात गेला होता. त्याबरोबर महागाई वाढली आणि तिची सर्वाधिक झळ ठरावीक उत्पन्नाच्या व मजुरीवर जगणाऱ्या लोकांना बसली.

याच काळात जपानकडून भारतीय नोटांची हुबेहूब नक्कल करण्याचे प्रयत्न होत होते. त्यामुळे नोटांच्या सुरक्षिततेसाठी बदल करण्यात आले. राजाच्या एका बाजूने दिसणाऱ्या मुखाऐवजी समोरून दिसणारे पूर्ण मुखचित्र वापरात आले, जलचिन्ह बदलले आणि भारतीय नोटेच्या कागदात प्रथमच सुरक्षा धागा घालण्यात आला. आजच्या नोटेतही हा धागा असतोच.

जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय नाणे परिषदेत देशमुख भारतीय शिष्टमंडळाचे सदस्य होते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक या संस्थांची पायाभरणी याच परिषदेत झाली. लंडनमध्ये साठलेली भारताची स्टर्लिंग शिल्लक परत कशी मिळणार, हा भारतीय शिष्टमंडळाच्या चिंतेचा विषय होता. त्या शिलकीसंबंधीच्या पुढील वाटाघाटींतही देशमुखांचा सहभाग होता.

१९४६ सालचे निश्चलनीकरण

युद्धकाळात काळ्या बाजारात मोठी कमाई झाली होती आणि तिच्यावरचा कर चुकवून ती मोठ्या मूल्याच्या नोटांत साठवली गेली आहे, असा सरकारचा समज होता. १२ जानेवारी १९४६ या शनिवारी सरकारने वटहुकूम काढून शंभर रुपयांपेक्षा अधिक मूल्याच्या, म्हणजे ५००, १,००० आणि १०,००० रुपयांच्या, सर्व नोटा रद्द केल्या. नोटा बदलून घेण्यासाठी धारकाने आपल्याजवळ त्या कशा आल्या याचे निवेदन भरून देणे आवश्यक होते. त्यासाठी प्रारंभी थोड्या दिवसांची मुदत होती. ती पुढे वाढवण्यात आली.

देशमुखांना हा उपाय मान्य नव्हता. करबुडव्यांकडून या मार्गाने सरकारच्या हाती फारसे उत्पन्न येणार नाही, ते दहा कोटी रुपयांपर्यंतही पोहोचणे कठीण आहे आणि केवळ त्या हेतूने असे पाऊल उचलल्याचे अन्यत्र उदाहरण नाही, असा अभिप्राय त्यांनी सरकारला दिला होता. तथापि निर्णय सरकारचा होता आणि तो अमलात आणण्याची जबाबदारी बँकेवर येऊन पडली. सल्ला अमान्य झाल्यावरही देशमुखांनी पद सोडले नाही.

रद्द केलेल्या नोटांचे एकूण मूल्य १४३.९७ कोटी रुपये होते. त्यांपैकी १३४.९ कोटी रुपयांच्या नोटा लोकांनी बदलून घेतल्या आणि ९.०७ कोटी रुपयांच्या नोटा परत आल्याच नाहीत. आकड्यांकडे पाहता जवळजवळ सर्व साठा वेगवेगळ्या मार्गांनी बँकेत परतला होता. देशमुखांचा अंदाज बऱ्याच अंशी खरा ठरला. भारतातील पुढील निश्चलनीकरणांच्या चर्चेत १९४६ सालच्या या अनुभवाचा उल्लेख वारंवार होत आला आहे.

फाळणी आणि दोन देशांचे चलन

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देशाचे दोन भाग झाले, परंतु चलन एका दिवसात वेगळे होऊ शकत नव्हते. पाकिस्तानकडे स्वतःची मध्यवर्ती बँक नव्हती आणि नोटा छापणारे मुद्रणालयही नव्हते. म्हणून रिझर्व्ह बँकेनेच काही काळ दोन्ही देशांची चलनविषयक जबाबदारी सांभाळावी, असे ठरले. ही व्यवस्था मूळ योजनेप्रमाणे सप्टेंबर १९४८ अखेर चालायची होती. दोन्ही सरकारांतील मतभेदांमुळे ती ३० जून १९४८ रोजीच संपुष्टात आली.

या संक्रमणकाळात नाशिक येथे छापलेल्या भारतीय नोटांवर पाकिस्तान सरकारचे नाव इंग्रजी आणि उर्दूत जादा छापून त्या १ एप्रिल १९४८ पासून पाकिस्तानात चलनात आणण्यात आल्या. अशा नोटांवर ब्रिटिश राजाचे चित्र, पाकिस्तानचे नाव आणि देशमुखांची स्वाक्षरी असे तिन्ही एकत्र आढळतात. रोखीची शिल्लक व बँकेची मालमत्ता दोन देशांत वाटण्याचे काम दंगली, स्थलांतर आणि काश्मीरमधील संघर्ष यांच्या छायेत पार पाडावे लागले. नोटेवरील वचन कोणत्या देशाने पाळायचे, हा प्रश्न या काळात केवळ कायद्याचा राहिला नव्हता. घरदार सोडून निघालेल्या माणसाच्या गाठीशी असलेल्या रकमेचे मोल त्यावर अवलंबून होते.

१ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले. तोपर्यंत ती भागधारकांची बँक होती. भागधारकांना दर शंभर रुपयांच्या भागासाठी ११८ रुपये १० आणे मोबदला देण्यात आला. देशमुख ३० जून १९४९ रोजी गव्हर्नरपदावरून निवृत्त झाले.

राजाच्या चित्राऐवजी अशोकस्तंभ

स्वातंत्र्यानंतरही सुमारे दोन वर्षे राजाच्या मुखचित्राच्या नोटाच चालू राहिल्या. नव्या नोटेवर कोणते चिन्ह असावे यावर विचार सुरू झाला तेव्हा प्रथम महात्मा गांधींचे चित्र सुचवले गेले आणि तशी रेखाटनेही तयार करण्यात आली. अखेर एकमत सारनाथ येथील अशोकस्तंभाच्या सिंहशीर्षावर झाले. नोटांची उर्वरित रचना बहुतांशी पूर्वीसारखीच ठेवण्यात आली. रोजच्या व्यवहारातील नोट लोकांना ओळखीची वाटावी, हा त्याचा व्यावहारिक लाभ होता. अशोकस्तंभाची पहिली नोट १९४९ सालची एक रुपयाची होती. १९५० साली भारतीय प्रजासत्ताकाच्या २, ५, १० आणि १०० रुपयांच्या नोटा निघाल्या. गांधीजींचे चित्र भारतीय नोटेवर प्रथम १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त आले.

अर्थमंत्री

१९५० साली नियोजन आयोगाची स्थापना झाली, तेव्हा देशमुख त्याचे सदस्य झाले. त्याच वर्षी जॉन मथाई यांनी राजीनामा दिल्यानंतर ते केंद्रीय अर्थमंत्री झाले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. पहिल्या पंचवार्षिक योजनेची आर्थिक बाजू त्यांनी सांभाळली. १ जुलै १९५५ रोजी इम्पीरियल बँकेचे रूपांतर भारतीय स्टेट बँकेत झाले आणि जानेवारी १९५६ मध्ये आयुर्विमा व्यवसायाच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा झाली. हे दोन्ही निर्णय त्यांच्या कार्यकाळातील होत.

चलनाच्या दृष्टीनेही हा काळ महत्त्वाचा ठरला. १९५३ साली नव्या नोटांवर हिंदीला ठळक स्थान देण्यात आले. त्या वेळी रुपया या शब्दाचे हिंदी अनेकवचन कसे लिहावे यावर चर्चा झाली आणि 'रुपये' हे रूप निश्चित करण्यात आले. १९५४ साली १,०००, ५,००० आणि १०,००० रुपयांच्या नोटा पुन्हा चलनात आल्या. त्यांपैकी १,००० रुपयांच्या नोटेवर तंजावरचे मंदिर, तर ५,००० रुपयांच्या नोटेवर मुंबईचे गेटवे ऑफ इंडिया होते. गव्हर्नर असताना मोठ्या नोटा रद्द करण्याविषयी प्रतिकूल मत देणारे देशमुख अर्थमंत्री असतानाच त्या नोटा परत आल्या. जानेवारी १९७८ मध्ये सरकारने या नोटा पुन्हा रद्द केल्या.

सप्टेंबर १९५५ मध्ये नाण्यांविषयीच्या कायद्यात दुरुस्ती होऊन दशमान पद्धतीचा स्वीकार करण्यात आला. त्यापूर्वी रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे किंवा १९२ पै होत असत. नव्या कायद्याने रुपयाचे १०० नये पैसे झाले. या कायद्याची अंमलबजावणी १ एप्रिल १९५७ पासून झाली. तोपर्यंत देशमुख मंत्रिमंडळातून बाहेर पडले होते.

मुंबईच्या प्रश्नावरून राजीनामा

भाषावार प्रांतरचनेच्या वेळी मुंबई शहर महाराष्ट्रात न घालता केंद्रशासित ठेवण्याचा निर्णय केंद्र सरकारने जाहीर केला. जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत झालेल्या निदर्शनांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात अनेक नागरिक मृत्युमुखी पडले. मुंबईविषयीच्या निर्णयाची पद्धत देशमुखांना मान्य नव्हती; गोळीबाराची न्यायालयीन चौकशी व्हावी, असाही त्यांचा आग्रह होता. जुलै १९५६ मध्ये त्यांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि लोकसभेत आपली भूमिका मांडली. दहा वर्षांपूर्वी नोटांच्या प्रश्नावर मतभेद नोंदवून ते पदावर राहिले होते. या वेळी मात्र त्यांनी पद सोडले. पहिल्या प्रसंगी ते सरकारला सल्ला देणारे अधिकारी होते. दुसऱ्या प्रसंगी ते लोकांनी निवडून दिलेले प्रतिनिधी होते आणि निर्णयाच्या सामूहिक जबाबदारीत त्यांचा वाटा होता. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीला या राजीनाम्याने मोठे नैतिक बळ मिळाले. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले.

उत्तरायुष्य

राजीनाम्यानंतर देशमुख विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले आणि १९६१ पर्यंत त्या पदावर होते. १९६२ ते १९६७ या काळात ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्षपद त्यांनी अनेक वर्षे भूषवले. दिल्ली येथील इंडिया इंटरनॅशनल सेंटरच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांच्या पाठिंब्यावर ते उमेदवार होते. त्यात ते तिसऱ्या क्रमांकावर राहिले.

संस्कृतचा व्यासंग त्यांनी आयुष्यभर जोपासला. त्यांच्या संस्कृत कवितांचा संग्रह प्रसिद्ध झाला. गांधीजींच्या निवडक वचनांचे त्यांनी संस्कृत श्लोकांत रूपांतर केले आणि कालिदासाच्या मेघदूताचा मराठीत पद्यानुवाद केला. 'द कोर्स ऑफ माय लाइफ' हे त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र १९७४ साली प्रकाशित झाले.

पत्नी दुर्गाबाई यांचे १९८१ साली निधन झाले. त्यानंतर सुमारे दीड वर्षाने, २ ऑक्टोबर १९८२ रोजी, देशमुखांचे हैदराबाद येथे निधन झाले.

सन्मान आणि वारसा

केंब्रिजच्या जीझस कॉलेजने १९५२ साली त्यांना सन्माननीय फेलो म्हणून निवडले. शासकीय सेवेतील कार्याबद्दल १९५९ साली त्यांना रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९७५ साली देशमुख आणि दुर्गाबाई या दोघांनाही पद्मविभूषण हा सन्मान देण्यात आला. रिझर्व्ह बँकेतर्फे त्यांच्या स्मरणार्थ व्याख्यानमाला चालवली जाते. रोहा येथील एका महाविद्यालयाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

देशमुखांच्या स्वाक्षरीच्या नोटा आज व्यवहारात नाहीत. त्या संग्राहकांकडे व संग्रहालयांत पाहायला मिळतात. त्यांच्यावर मुखचित्र परक्या राजाचे असले, तरी मूल्य अदा करण्याचे वचन एका भारतीयाच्या सहीने दिलेले आहे. युद्ध, निश्चलनीकरण आणि फाळणी या तिन्ही आघातांतून रुपयावरील सर्वसामान्य लोकांचा विश्वास टिकून राहिला, यात त्यांच्या कारकिर्दीचा महत्त्वाचा वाटा मानला जातो.